बिल्डरला दहा टक्क्यांची मर्यादा, मग रिनोव्हेशनवाल्या कॉन्ट्रॅक्टरला का नाही?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

बिल्डरने पैसे घेतले आणि ताबा दिला नाही अशा बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात आणि त्या यायलाच पाहिजेत. पण ताबा मिळून त्याच घरात पंचवीस-तीस वर्षं राहिल्यावर आपण ते दुरुस्तीला काढतो तेव्हा जो माणूस अ‍ॅडव्हान्स घेऊन गायब होतो, त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. आमच्या बाबतीत जे झालं ते सांगते, आणि त्यातून सरकारकडे एक मागणी आहे ती पण लिहिते.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, बिल्डिंग १९९४ ची, वन बीएचके, घरात आम्ही दोघं, मुलगा आणि माझ्या ७९ वर्षांच्या सासूबाई. बाथरूमचं पाणी खालच्यांच्या स्लॅबला उतरत होतं, ते बिचारे दोन पावसाळे काही बोलले नाहीत, पण बादली लावायची वेळ आली तेव्हा आम्हालाच लाज वाटली. म्हणून बाथरूम-टॉयलेट नव्याने करायचं आणि तोडफोड होतेच आहे तर किचनचा ओटा, ट्रॉल्या आणि एक वॉर्डरोब पण उरकून घ्यायचा असं ठरलं. कॉन्ट्रॅक्टर ओळखीतलाच होता. मिस्टरांच्या ऑफिसमधल्या एकांच्या मेव्हण्याकडे त्याने काम केलेलं, ते आम्ही स्वतः जाऊन बघून आलो होतो आणि काम खरंच चांगलं होतं. कोटेशन ४ लाख ८० हजारांचं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं, एक पान. आधी २५ हजार टोकन दिलं आणि काम चालू व्हायच्या आदल्या दिवशी बाकीचे २ लाख १५ हजार, म्हणजे एकूण निम्मे, २ लाख ४० हजार त्याच्या खात्यात गेले. तो म्हणाला सगळीकडे फिफ्टी पर्सेंटच असतं, माल उचलायला लागतो. गणपतीच्या आधी घर चकाचक करून देतो म्हणाला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवसांत सगळं फोडून झालं. ओटा गेला, बाथरूमच्या टाइल्स गेल्या, कमोड गेला, जुना नहाणी ट्रॅप उपटून काढला. पाचव्या दिवशी दोन माणसं आली, सातव्या दिवशी एक, आणि अकराव्या दिवसानंतर कुणीच नाही. राडारोड्याच्या गोण्या जिन्यात पडून, त्यावर सोसायटीची नोटीस. फोन केला की कारणं ऐकायची, कारागीर पेरणीला गावी गेलेत, माल फॅक्टरीत अडकलाय, मग वडील अ‍ॅडमिट आहेत. वडिलांचं ऐकल्यावर मीच त्याला म्हटलं की आधी त्यांच्याकडे बघा, आमचं नंतर झालं तरी चालेल. मग एक दिवस मेसेज आला की अजून पन्नास टाका, उद्या माल उतरवतो, आणि आम्ही ३० हजार टाकले. आज हे लिहिताना पण छातीत धडधडतं, कारण त्या दिवशी आम्ही थांबलो असतो तर निदान तेवढे तरी वाचले असते. पण ज्याच्या घरात टॉयलेट फोडून ठेवलंय तो माणूस त्या वेळी काय विचार करतो हे ज्याचं त्यालाच कळतं.

घरात एकच टॉयलेट. समोरच्या काकूंनी त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे देऊन ठेवली, म्हणाल्या केव्हाही या, बेल वाजवू नका. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, तर मी किंवा मुलगा त्यांना हाताला धरून पॅसेजमधून समोर न्यायचो. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्या संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाहीयेत, दुसऱ्याच्या घरात रात्री जायला नको म्हणून. ऑगस्टमध्ये त्यांना युरिन इन्फेक्शन झालं आणि चार दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, तो त्या वर्षी पहिल्यांदाच बदलापूरला दिरांकडे बसवला. मोदक तिकडे केले, सगळं केलं, पण सासूबाई आरतीला गप्प उभ्या होत्या.

आता पैशाचं नेमकं काय होतं ते सांगते, कारण ते मला फार उशिरा कळलं. फरशी बसवणारा कारागीर एक दिवस त्याची हत्यारं न्यायला आला. मी आधी त्याच्यावरच चिडले, तर तो म्हणाला, ताई, माझे पण नऊ दिवसांचे पैसे त्याने दिले नाहीत, मी फुकट किती दिवस येऊ. मी त्याला चहा दिला आणि सॉरी म्हटलं. मग आम्ही कॉन्ट्रॅक्टरच्या कल्याणच्या ऑफिसला गेलो, शटर बंद, आणि तिथे आधीच एक बाई उभ्या होत्या, टिटवाळ्याहून आलेल्या. त्यांचं काम पाच महिने लटकलेलं आणि जूनमध्ये अचानक त्यांच्या ट्रॉल्या आणि शटर्स येऊन बसली, आता फक्त ग्रॅनाइट बाकी होतं. आम्ही दोघींनी मोबाइल काढून तारखा बघितल्या. आमचे २ लाख १५ हजार गेले त्याच्या चौथ्या दिवशी त्यांचा माल आला होता. मी हे कोर्टात सिद्ध नाही करू शकत, पण मला त्यात शंका राहिलेली नाही. माझ्या अ‍ॅडव्हान्समधून त्यांचं काम, माझं काम पुढच्या कुणाच्या तरी अ‍ॅडव्हान्समधून, आणि नवीन गिऱ्हाईक मिळायचं थांबलं की साखळीतल्या शेवटच्याच्या घरात फोडलेली भिंत. पन्नास टक्के मालासाठी लागतात हे नुसतं सांगायचं कारण आहे. टाइल्स आणि प्लाय मी स्वतः दुकानात जाऊन घेतलं असतं तर त्याला माझ्या पैशाला हात लावायची गरजच नव्हती.

पोलिसांकडे गेलो. ते म्हणाले हा सिव्हिल मॅटर आहे. वकिलांशी बोलल्यावर कळलं की भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमात, म्हणजे जुन्या ४२० मध्ये, पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं, आणि चार दिवस हातोडा मारून गेलेला माणूस सहज म्हणतो की मी तर काम चालू केलं होतं. चार दिवसांची तोडफोड त्याच्या एवढ्या उपयोगाची असते हे आपल्या डोक्यात कधी येत नाही.

मग महारेराचं, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, डोक्यात आलं, तर ते फक्त बिल्डर, त्यांचे प्रोजेक्ट आणि एजंट यांच्यासाठी. आणि इथेच माझा मुद्दा आहे. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे बिल्डरला रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. म्हणजे ज्याची जमीन आहे, प्रोजेक्टचा नंबर आहे, ज्याची माहिती वेबसाइटवर कुणीही बघू शकतं, त्याला १० टक्के, आणि ज्याचं भाड्याचं शटर आणि एक मोबाइल नंबर एवढंच आहे तो एका पानाच्या कोटेशनवर ५० टक्के घेऊन जातो, त्याला कसलीच मर्यादा नाही, कुठे नोंदणीची सक्ती नाही. माझी भाची सॅन होजेला असते, तिने घराचं काम काढलं तेव्हा सांगत होती की कॅलिफोर्नियात असा कॉन्ट्रॅक्टर एकूण कामाच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर यातलं जे कमी असेल त्याच्यापेक्षा जास्त डाउन पेमेंट साधारण मागूच शकत नाही आणि त्याचं लायसन्स राज्याच्या बोर्डाकडे तपासता येतं. आपल्याकडे जुन्या बिल्डिंग एवढ्या, ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात घरोघरी काम निघतंय, लोक पीएफ काढून, एफडी मोडून हे पैसे देतात. राज्य सरकारने रिनोव्हेशन आणि इंटिरियर कॉन्ट्रॅक्टरची नोंदणी सुरू करावी आणि अ‍ॅडव्हान्सला १० टक्क्यांची मर्यादा घालावी. फार काही मोठं मागत नाहीये, बिल्डरला जे लागू आहे तेच मागतेय.

तोपर्यंत ज्यांचं काम निघणार आहे त्यांना सांगते, तोडफोड आणि पैसे यांचा हिशोब वेगळा ठेवा. पेमेंट कामाच्या टप्प्याला बांधा, म्हणजे वॉटरप्रूफिंग करून बाथरूममध्ये २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवलं आणि खाली ओल आली नाही की मग त्याचे पैसे. टॉयलेट एकच असेल तर ते पूर्ण होईपर्यंत किचनला हात लावू देऊ नका. कोटेशनमध्ये नुसतं ‘ब्रँडेड प्लाय’ लिहिलेलं चालवू नका. आमच्या कोटेशनमध्ये तेवढंच होतं, आणि जे चार तक्ते आले त्यावर शिक्काच नव्हता. ओल्या जागेसाठी बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, ग्रेड लागतं, त्याचा आयएस ७१० हा नंबर तक्त्यावर छापलेला असतो, तो बघून घ्या. जीएसटी नको, १८ टक्के वाचतील असं कुणी म्हणालं तर वाचणाऱ्या पैशांबरोबर पक्कं बिल पण जातं हे लक्षात ठेवा. आम्ही हो म्हटलं होतं. आमच्याकडे आज त्याची सही असलेला एकही कागद नाही, फक्त बँकेचं स्टेटमेंट आणि चॅट.

पण तेवढ्यावरही काहीतरी करता येतं, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते. पहिल्यांदा १९१५ या नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनवर फोन केला, मराठीत बोलतात, तक्रारीचा नंबर देतात, पण ते मध्यस्थी करतात, निकाल देत नाहीत. मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. १५ दिवसांत उत्तर नाही आलं तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्याच्या ऑफिसच्या गावाला जायची गरज नाही. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. वकील द्यायलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या फाइल होते, माझ्या मुलाने दोन संध्याकाळी बसून केली. फक्त दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून ‘बघू, देईल’ करत बसू नका. आणि चॅट डिलीट करू नका, राग आला म्हणून ब्लॉक पण करू नका, चॅटचा प्रिंट पुरावा म्हणून देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते वकिलांकडून समजून घ्या. काहींना वाटतं ग्राहक कायदा फक्त वस्तूंसाठी असतो. १९९३ मध्येच सुप्रीम कोर्टाने लखनौ डेव्हलपमेंट ऑथॉरिटीच्या केसमध्ये घरबांधणी ही सेवा आहे असं सांगितलंय. आणि आयोगाचा आदेश पाळला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

टिटवाळ्याच्या बाईंनी पण तक्रार टाकली आहे. त्या कारागिराला मी विचारलं की तू लिहून देशील का की तू काम का थांबवलंस, तो आधी घाबरला, मग चार दिवसांनी त्याच्या हाताने हिंदीत लिहिलेलं एक पान घेऊन आला. ते पान आम्ही तक्रारीला जोडलंय. बाथरूम शेवटी त्याच्याकडूनच करून घेतलं, माल आम्ही आणला, मजुरी त्याला रोजच्या रोज दिली, १६ दिवसांत झालं, खाली आता ओल नाही. ओटा अजून नाहीये, टेबलावर शेगडी ठेवून स्वयंपाक चाललाय. समोरच्या काकूंची किल्ली परत द्यायला गेले तर म्हणाल्या राहू दे तुझ्याकडेच.

आयोगाची नोटीस निघाली आहे, पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तो आला की नाही ते मी तुम्हाला कळवीन, तेही छापा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)