चि. सलीलला, लिनक्स टाकण्याआधी

कोथरूड, पुणे

चि. सलील,
अनेक आशीर्वाद.

विंडोजच्या लॅपटॉपवर लिनक्स कुठलं आणि कसं टाकू, ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) सुरुवात कुठून करू, प्लेसमेंटचं काय, या परवा तू फोनवर विचारलेल्या प्रश्नांना धावतपळत उत्तर देण्यात अर्थ नव्हता, म्हणून लिहिते आहे. लिनक्सच्या प्रकारांपैकी उबंटू की फेडोरा, याचं उत्तर एका ओळीचं. उबंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती, टाक. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात, आणि अडलास की तिथेच आधी अडलेला कुणीतरी सापडतोच. हॉस्टेलमधले सीनियर आर्च नावाचं लिनक्स सांगतील. सांगू देत.

खरा घोळ होतो तो टाकताना. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपांवर डिस्कचं एन्क्रिप्शन न विचारताच चालू असतं. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूटला हात लावलास की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आधी काढून वहीत लिही. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून ठेवणारेही असतात!

मग फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं की शटडाऊन म्हणजे खरा शटडाऊन नसतोच. विंडोज अर्धवट झोपतं आणि आपली ड्राइव्ह तशीच धरून ठेवतं. लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहायला गेलास की एकतर लिहूच देत नाही, नाहीतर फाइली बिघडतात. लिनक्ससाठी जागा काढायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. ५१२ जीबीतले १०० पुरे. भरपूर मोकळं असूनही 'फक्त ९ जीबी कमी करता येतील' असं म्हणालं, तर मध्ये न हलणाऱ्या फाइली बसल्यात असं समज: हायबरनेशनची, पेजफाइल, रिस्टोअर पॉइंट. तिन्ही तात्पुरतं बंद करून रीस्टार्ट कर, जागा काढ, मग पुन्हा चालू कर.

इन्स्टॉलरला एसएसडीच दिसली नाही तर घाबरू नकोस. बायोसमध्ये डिस्क जोडण्याचा इंटेलचा आरएसटी मोड चालू असतो, तो साधा एएचसीआय करायचा. पण थेट बदललंस तर विंडोज निळा पडदा दाखवून बसेल. आधी विंडोजला पुढचं बूट सेफ मोडमध्ये करायला सांग, मग बायोस बदल, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ दे, मग सेफ मोडची ती सूचना काढून टाक. आणि १००-२०० एमबीचं ईएफआय पार्टिशन दिसेल, ते फॉरमॅट करायचं नाही. त्यातच विंडोजचा बूटलोडर आहे.

सगळं नीट झाल्यावर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहितं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल ही कमांड वापरून सेट-लोकल-आरटीसी १ केलंस की दोघांचं जमतं.

विंडोज उडवू नकोस. टॅली, सॉलिडवर्क्स, सरकारी पोर्टलांची डिजिटल सहीची टोकन, हे सगळं अजून त्याच्यावरच सुरळीत चालतं. सर्व्हरचं मात्र उलट. पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत हवामानासाठी 'अर्क' हा ११.७७ पेटाफ्लॉपचा महासंगणक आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. यात भक्ती करण्यासारखं काही नाही, कामाची वाटणी आहे.

आणि ज्या मायक्रोसॉफ्टच्या नावाने तुझे मित्र बोटं मोडतात, तिथल्याच अँड्रेस फ्रॉइंडने मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनातलं मागचं दार (चोरून शिरण्याची लपवलेली वाट) पकडलं. तो मुळात पोस्टग्रेस या डेटाबेसचा माणूस. एसएसएचने (दूरच्या यंत्रात शिरण्याच्या सोयीने) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून तो खणत गेला. 'जिया टॅन' नावाने कुणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून, एकट्याने तो प्रकल्प ओढणाऱ्या देखभालकर्त्याचा विश्वास कमावला होता. विषाचा मुख्य भाग टेस्टच्या फाइलींत दडवलेला, आणि तो जागा करणारी स्क्रिप्ट सगळ्यांना दिसणाऱ्या गिटच्या कोडसाठ्यात नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (एकत्र बांधलेल्या फाइलीत) होती. म्हणून 'सोर्स उघडा आहे म्हणजे सुरक्षित आहे' असं कुणी म्हणालं की विचार, वाचला कुणी? उघडा असल्यामुळे त्याला शेवटपर्यंत खणता आलं, एवढंच खरं.

तसं खणायला शीक. मुलाखतीत विचारतात आणि नोकरीत रात्री दोनला लागतं असं एक उदाहरण देते. सर्व्हर म्हणतो, डिस्कवर जागा नाही. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड दाखवते १०० टक्के; फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूने बेरीज केली तर निम्मीही भरत नाही. बाकीची जागा गेली कुठे? कुणीतरी चालू प्रोग्रॅमची लॉग फाइल आरएम या पुसण्याच्या कमांडने उडवलेली असते. आरएम फक्त नाव पुसतं. प्रोसेसने फाइल उघडी धरली आहे तोवर जागा सुटत नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफला +एल१ दिलंस की अशा बिननावाच्या फाइली दिसतात. प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा परत. आता याचं भावंड: डीएफ म्हणतं जागा आहे, तरी एरर तोच. मग डीएफला -आय देऊन बघ. लाखो चिमुकल्या सेशन फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपवलेले असतात, आणि ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीत त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. हे दोन्ही घोळ जुन्या यंत्रावर मुद्दाम घडवून बघ.

ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून, तर रीडमी या माहितीच्या फाइलीतला एक शब्द बदलून नको. त्याने देखभाल करणाऱ्याचा वेळ जातो आणि तुला काही येत नाही. तुला मराठी येते, तिथून कर. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकतर युनिकोडमधलं (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतलं) ०९३१ क्रमांकाचं ऱ, हलन्त, या, नाहीतर साधं र, हलन्त, न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, या. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (सारख्या अक्षरांना एकरूप करणं) त्यांना एक करत नाही. जॉइनर गाळला तर डोंगरातल्या दऱ्यांचा सरळ दर्या होतो. तू वापरतोस त्या प्रत्येक एडिटरमध्ये, सर्चमध्ये हे तपास. चुकलं तर बग लिही: काय टाइप केलं (कोडपॉइंट, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांसकट), काय अपेक्षित होतं, काय झालं, आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता. रफार म्हणजे काय हे समोरच्याला माहीत नाही असं धरून लिही. आधी कुणी तोच बग नोंदवलाय का ते बघ. दुरुस्ती पाठवलीस तर एका पॅचमध्ये (बदलाच्या फाइलीत) एकच बदल, सोबत टेस्ट. एआयकडून लिहून घेतलेली आणि स्वतःला समजावून सांगता न येणारी ओळ पाठवू नकोस. दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडशील.

कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, नंतर. तिथे पॅच साध्या टेक्स्टच्या ईमेलने जातो, चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालवून, गेटमेंटेनर ही दुसरी स्क्रिप्ट सांगेल त्या माणसांना, खाली स्वतःच्या नावाने साइन्ड-ऑफ-बाय ही सहीची ओळ. उत्तर नाही आलं तर निदान आठवडाभर गप्प बसायचं. तुला तेच जड जाईल.

प्लेसमेंटबद्दल. एखाद्या उत्पादनाच्या नावावर रेझ्युमे उभा करू नकोस. सेंटओएस ८ या सर्व्हरच्या लिनक्सला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता, तो २०२१ अखेर संपला. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हर उभारण्याचं साधन असलेल्या टेराफॉर्मचा परवाना बदलला, मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसचा. लोक त्यांच्यातून निघालेल्या ओपनटोफू आणि वाल्कीकडे वळले. ज्यांना मेमरी, फाइली, नेटवर्क कळत होतं त्यांनी फार तर आठवडाभर कटकट केली.

आणि हिंजवडी असो की खराडी, ऑफर आली की करार वाच. 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम कंपनीचं' असं कलम सुट्टीच्या दिवशी पाठवलेल्या पॅचलाही लागू शकतं. प्रकल्पाचं नाव घालून परवानगी ईमेलवर घे, तोंडी नको. नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे का, बॉण्ड आहे का, ते सहीआधी विचार. मूळ मार्कशीट कुणाकडे जमा करायच्या नाहीत.

दिवाळीत आलास की आधी घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर हात साफ कर. त्याचा इंटेलचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे, विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचा लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काही बिघडलं तरी हळहळ नाही. पेनड्राइव्हसाठी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊ नकोस, घरात १६ जीबीचे दोन पडलेत. उबंटूची फाइल डाउनलोड झाल्यावर तिचा शा२५६ चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे कळणारा आकडा) साइटवरच्याशी जुळवून बघ. फक्त गुरुवारी बसू नकोस, दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि डेस्कटॉपचा यूपीएस पाच मिनिटंही तग धरत नाही.

तुझी,
आई