आमच्या बँकेच्या ब्रँचच्या मामांना, कोकणातल्या मॅडमकडून

मामा, नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभाला सगळे बोलले, शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला, आणि माझ्या हातात माईक आला तेव्हा मी 'मामांना पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा' एवढंच बोलून खाली बसले, कारण पुढे बोलले असते तर रडले असते आणि कॅश काउंटरवरच्या पोरांनी त्याचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकला असता. म्हणून आता लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, मराठवाड्यात पोस्टिंग आलं की कोकणातली, पुण्याकडची माणसं कसं तोंड पाडतात ते मला चांगलं माहितीये, मीही पाडलंच होतं. तुम्ही चष्मा काही लावणार नाही, तेव्हा नातवाकडून वाचून घ्या.

राजापूर तालुक्यातून थेट अंबाजोगाई. राज्य एकच, भाषा एकच, त्यात काय एवढं ॲडजस्ट व्हायचं असं आमचे बाबा म्हणाले होते. बाबांना काय, ते रत्नागिरीच्या पुढे गेले की त्यांना परदेशात आल्यासारखं वाटतं.

तुम्हाला आठवतं का, खोली बघायला तुम्ही सोबत आला होतात. मी आपली खिडक्या किती, भिंतीला ओल आहे का, असं आमच्याकडच्या सवयीने बघत होते (भिंतीला ओल! अंबाजोगाईत!) आणि तुम्ही तोपर्यंत मागे जाऊन हौदात डोकावून आलात, गच्चीवरची टाकी ठोकून आलात आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "मॅडम, खोली नंतर बघा, आधी बोअरला उन्हाळ्यात पाणी ऱ्हातंय का ते इचारा." तिथं राहत नव्हतं. मग दुसरी खोली, मग तिसरी. घरमालक विचारत होते गाव कोणतं, आडनाव काय, पाहुणे कुठले, आणि मला प्रत्येक प्रश्नाचा राग येत होता, खरं सांगायचं तर आडनावाच्या प्रश्नाचा अजूनही येतो, तो कुठेही विचारला तरी येतो. पण पाहुणे कुठले या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. या अख्ख्या मुलखात माझं कुणी पाहुणं नव्हतं. तेव्हा तुम्ही पुढे होऊन सांगितलंत, "कोकणातल्या हायेत त्या. म्हंजे आपल्या देवीच्याच की."

बाहेर आल्यावर मी तुम्हाला हळूच सांगितलं की मामा, इथली योगेश्वरी कुलदेवता आहे ती कोकणातल्या चित्पावनांची, आमची नाही, आमची ग्रामदेवता वेगळी. तुम्ही चप्पल घालता घालता म्हणालात, "ते देवी बघून घेईल, तुम्ही कशाला टेन्शन घ्यायलाव."

आणि खरंच देवीने बघून घेतलं. गल्लीत मी 'देवीवाल्या मॅडम' झाले. मार्गशीर्षात देवीचं नवरात्र लागलं, कोकणातून, पुण्या-मुंबईतून गाड्या यायला लागल्या, तर शेजारणी मला विचारायच्या की तुमची माणसं आली का हो, जेवायला आणा. आता मी काय सांगणार. एकदा खरोखरच रत्नागिरीकडचं एक अनोळखी कुटुंब देवळात भेटलं आणि मी त्यांना घरी चहाला घेऊन आले, निदान शेजारणींच्या समाधानासाठी. तुम्हीच मला ती वरातीची गोष्ट सांगितलीत ना, परळीच्या वैजनाथाशी देवीचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडी होते तिथेच दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, आणि मग हत्तीखान्याच्या लेण्यातले ते दगडी हत्ती दाखवून तुम्ही म्हणालात की हेच ते वऱ्हाड. वर आणि म्हणालात, "बगा, आमच्यात लग्नाला उशीर झालेला देवालाबी चालत नाही," हे माझ्या लग्नावरून होतं ते मला कळलं होतं बरं का.

पाण्याचं मात्र मला शिकावं लागलं. म्हणजे आमच्याकडे पाण्याची टंचाई नसते असं नाही, इथल्या लोकांना ते पटत नाही पण आमच्याकडे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडून सगळा जांभ्यातून झिरपून आणि डोंगरावरून वाहून समुद्राला जातो आणि मे महिन्यात वरच्या वाड्यांना टँकर लागतो. पण आमची टंचाई जूनमध्ये संपतेच, याची गॅरंटी असते. इथे ७०० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस, तोही आला तर आला, त्यामुळे इथे पाण्याचा विचार बारा महिने डोक्यात एका कोपऱ्यात चालू असतो. नळ कधी येणार, ड्रम किती, प्यायचं वेगळं, सांडायचं वेगळं, भाजी धुतलेलं पाणी कुठल्या झाडाला. तुम्ही २०१६ चं सांगितलं होतंत, मांजरा धरणाचा तळ उघडा पडलेला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ती बातमी मी तेव्हा घरी बसून टीव्हीवर पाहिली होती आणि चॅनेल बदललं होतं, कोण बदलत नाही. तुमच्याकडून ऐकल्यावर मी माझा शॉवर काढून टाकला.

जूनमध्ये काउंटरवर येणारा प्रत्येक शेतकरी पासबुक पुढे करायच्या आधी विचारायचा, "मॅडम, तिकडं पाऊस हाय का?" मला आधी वाटायचं सहज विचारतात. मग तुम्ही सांगितलंत की तिकडं लागला म्हणजे इकडं यायला किती दिवस, त्यावर पेरणीचं गणित चाललंय त्यांचं, नीट सांगत जा. तेव्हापासून मी रोज सकाळी आईला फोन करून पावसाचा रिपोर्ट घ्यायचे आणि काउंटरवर सांगायचे, आईला वाटलं पोरीला घराची आठवण येतेय. मृगाच्या सरी आल्या त्या दिवशी मी सवयीने छत्री उघडली तर अख्खी ब्रँच बाहेर येऊन भिजत उभी, मॅनेजरसाहेबांसकट.

कामाचंही तुम्हीच शिकवलंत मामा, हे साहेबांपुढे बोलले नाही पण इथे लिहिते. आमच्या ट्रेनिंगमध्ये पीक कर्ज होतं, एनपीए म्हणजे थकलेली कर्जं होती, पण दसरा-दिवाळीनंतर अर्धं गाव गायब का होतं ते नव्हतं. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेले की गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं तेवढी मागे. तेव्हा केवायसीसाठी नोटिसा पाठवून काय होणार? तुम्ही म्हणालात, "आता कागद धाडू नका, कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की बोलवा, पाडव्याच्या आसपास समदे येत्यात." बोलावलं, आले. आणि ते मोठ्याने बोलणं! पहिल्यांदा दोघं जण काउंटरसमोर बोलत होते तर मी सिक्युरिटीला हाक मारणार होते. "भांडण नाही मॅडम, सोयरिकीचं बोलायलेत," तुम्ही सांगितलंत. आम्ही कोकणी माणसं आवाज न चढवता तिरकं बोलून समोरच्याला तीन दिवस झोपू देत नाही, इथे लोक आरडाओरडा करून पाच मिनिटांत चहा प्यायला जातात. मला विचाराल तर दुसरं बरं, पण सवय व्हायला वेळ लागला.

चहाचं तर विचारूच नका. जेवढा चहा तेवढीच साखर घालायची पद्धत, आणि नको म्हटलं की माणूस हिरमुसतो. "अर्धा घ्या, पण घ्या," हा तुमचा सल्ला मी अजून पाळते. आणि आमच्याकडे 'या हं कधीतरी घरी' याचा अर्थ 'बरंय, निघा आता' असा असतो, इथे मी एका काकूंना 'येते नंतर' म्हणाले तर त्या रविवारी भाकऱ्या थापून माझी वाट बघत बसल्या होत्या आणि तुम्ही मला फोन करून पिटाळलंत.

भाकरीवरून, मामींचे आभार वेगळे मानायला हवेत. मला तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी येते, मला वाटलं ज्वारीची काय वेगळी असणार. फाटायची. तव्यावर टाकेपर्यंत नकाशा व्हायचा. मामींनी पीठ चिमटीत घेऊन सांगितलं की याला विरी, म्हणजे चिकटपणा, राहिली नाही, कधीचं दळण आहे, थोडं थोडं दळून आणत जा आणि तोवर कढत पाण्यात मळ. शाळू कुठल्या दुकानातून घ्यायचा तेही सांगितलं. आता माझी भाकरी फुगते. येसराची आमटी, सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला, प्रवासाला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, हे सगळं आता माझ्या घरात होतं आणि गावाला गेले की आई म्हणते, काय गं, नारळ कुठाय यात. माशांबद्दल मात्र मी बोलणार नाही. तुम्ही एवढ्या प्रेमाने धरणातला रोहू घेऊन आला होतात आणि मी खाल्ला, पण समुद्राकाठच्या माणसाला विचारू नये असे काही प्रश्न असतात. बदला म्हणून मी एसटीने फणस आणला होता आणि हाताला तेल लावा असं मी सांगेपर्यंत तुम्ही तो कापलाही होता, मामींनी त्या चिकावर रॉकेल शोधत शेजारची चार घरं पालथी घातली.

वेळ अमावस्येला मामींच्या माहेरी रेणापूर तालुक्यात नेलंत तो दिवस वेगळाच. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पांडव म्हणून चुना लावून मांडलेले पाच दगड, आंबिलाची मडकी, भज्जी, उंडे, खीर, आणि अख्खी गावं रिकामी होऊन रानात. लातूर जिल्ह्यात कलेक्टर त्या दिवशी सुट्टी देतात हे मला आधी खोटं वाटलं होतं. कुणाच्याही रानात जा, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. माझ्या पानात भज्जी वाढणारी आजी मला ओळखत नव्हती आणि तिने विचारलंही नाही मी कोण.

आणि १७ सप्टेंबर. आम्हाला शाळेत हे दोन ओळींत संपलं होतं. तुम्ही मला सकाळी झेंडावंदनाला यायला सांगितलंत तेव्हा मला कळेना आज कसला झेंडा. मग तुम्ही वडिलांकडून ऐकलेलं सांगितलंत, देश १९४७ ला सुटला तरी इथे निजामाचं राज्य, गावाचं नाव तेव्हा मोमिनाबाद, रझाकारांच्या भीतीने रात्री बायकापोरं रानात, आणि शेवटी १९४८ च्या सप्टेंबरात फौज आली तेव्हा सुटका. ज्यांच्या नावाचं मेडिकल कॉलेज आहे ते स्वामी रामानंद तीर्थ इथल्याच शाळेत होते. मी रोज त्या दवाखान्यावरून जात होते. माझ्या आजोबांपेक्षा तुमचे वडील वर्षभर उशिरा स्वतंत्र झाले, एवढी साधी गोष्ट मला तिशी जवळ येईपर्यंत कुणी सांगितली नव्हती.

एकदा ब्रँच बंद झाल्यावर शटरजवळ मी तुम्हाला विचारलं होतं की मामा, तुम्हाला कसं कळतं नव्या माणसाला काय लागतं. तुम्ही म्हणालात की ७२ च्या दुष्काळानंतर आईबापाबरोबर बैलगाडीतून कारखान्यावर जायचो, दरवर्षी नवं गाव, नवी माणसं, आपल्याला 'बीडवाले' म्हणायची. "नव्या मुलखात पाणी कुठं, दळण कुठं, दुखलं तर दवाखाना कुठं, एवढं कळलं की माणूस तगतंय. बाकीचं सावकाश." आणि मला एकदम आठवलं की पहिल्या आठवड्यात तुम्ही मला नेमकं तेवढंच दाखवलं होतंत, हौद, गिरणी आणि दवाखाना, त्याच क्रमाने. मी तेव्हा मनात म्हणाले होते की हा माणूस मला गाव दाखवायला निघालाय आणि देऊळ सोडून पिठाची गिरणी काय दाखवतोय.

शाळा अशी अर्धवट राहून तुम्ही ब्रँचमध्ये शिपाई म्हणून लागलात आणि कितीतरी ऑफिसर घडवून रिटायर झालात, त्यातल्या निम्म्यांना ते माहीतही नसेल. मला माहितीये. थँक्यू मामा. हा शब्द तुम्हाला आवडत नाही, "आपल्यात काय थँक्यू" म्हणता, पण एकदा तरी घ्या, चहासारखा अर्धा घ्या.

आता कामाचं. तुम्ही समुद्र पाहिलेला नाही आणि आता रजेचा अर्ज कुणाला द्यायचा नाही, तेव्हा दिवाळीत माझ्याबरोबर चला, दोघंही. जूनमध्ये येतो म्हणू नका, पाऊस बघायची हौस असली तरी घाटात दरडी येतात. लातूरहून कोल्हापूर आणि तिथून अणुस्कुरा घाट उतरून राजापूर, मी तिकिटं काढते. मामींना सांगा भाकरीचं पीठ बांधून घेऊ नका, आमच्या दमट हवेत टिकायचं नाही, ज्वारीच घ्या, गावात गिरणी आहे. आणि येसर जरा जास्त घ्या, आईला करून दाखवायचाय.

तुमची,
देवीवाली मॅडम