भोकाने केलेला घोळ

सातपूर, नाशिक
रविवार, दुपार

प्रिय निल्या,

"सीएनसी मशीनचे प्रोग्राम आपोआप बनतात, मग तू तिथे करतोस काय?" असं तू फोनवर विचारलंस. शॉपमधल्या आवाजात काय सांगणार, म्हणून आज निवांत लिहितोय.

माझी स्क्रिप्ट स्टेप फाइल, म्हणजे पार्टचं थ्रीडी मॉडेल, वाचते, भोकं-पॉकेट (खोलगट खाचे) ओळखते, आतल्या कोपऱ्याची त्रिज्या बघून एंडमिल (कापायचं टूल) निवडते आणि जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, काढून देते. ज्या हाउसिंगला मला दीड दिवस लागायचा, ते चहा होईपर्यंत तयार! ५-अ‍ॅक्सिस मशीनवरचा इंपेलरसुद्धा (पात्यांचं चाक) जमला. लोकांना तोच अवघड वाटतो. पण पाती सगळी सारखी, एक बसलं की बाकीची फिरवून घ्यायची.

नाक कापलं ते साध्या एम८ भोकाने, म्हणजे ८ मिमी बोल्टच्या आट्यांच्या. आटे पाडण्याआधी ६.८ मिमीचं ड्रिल मारतात, तुला ठाऊकच आहे. आमचं जुनं गिऱ्हाईक मॉडेलमध्येच ६.८ काढतं, आणि मी स्क्रिप्ट त्याच सवयीवर बेतलेली. नव्या गिऱ्हाइकाने मॉडेलमध्ये थेट ८ काढलं, आटे फक्त ड्रॉइंगवर. स्क्रिप्ट ड्रॉइंग कुठे वाचते? तिने इमानेइतबारे ८ चं ड्रिल मारलं. रात्रपाळीत १४ पीस. सकाळी क्वालिटीच्या ताईंनी बोल्ट लावला, तर तो न फिरताच आत गेला. "दादा, आटे घरी ठेवलेत का?"

पहिला पीस तपासायचा नियम मीच ढिला केला होता, हे तुलाच सांगतोय. गिऱ्हाइकाने परवानगी दिली म्हणून भोकं किंचित वाढवून हेलिकॉइल (तारेचे तयार आटे) बसवले. नाहीतर सगळं भंगारात होतं.

एच७ चंही, म्हणजे अगदी नेमक्या मापाच्या भोकाचंही, तेच. मॉडेलमध्ये नुसतं २० चं भोक. ड्रॉइंग म्हणतं २०.००० ते २०.०२१, म्हणजे ड्रिलनंतर भोक मापात आणायला रीमर किंवा बोरिंग हवं. एपी२४२ प्रकारच्या स्टेप फाइलमध्ये ही माहिती मॉडेलबरोबर येऊ शकते, पण आमच्याकडे येतात जुन्या एपी२१४ प्रकारच्या फाइली आणि सोबत ड्रॉइंगची पीडीएफ. म्हणून आता स्क्रिप्ट प्रत्येक भोकापाशी थांबून विचारते: नुसतं ड्रिल, टॅप (आटे) की रीमर? मी ड्रॉइंग हातात धरून उत्तरं देत बसतो. साहेब कुरकुरतात, कुरकुरू देत.

एपी२१४ मध्ये रंग मात्र येतात. आट्याच्या भोकाला एक रंग, एच७ ला दुसरा, असं ठरलं तर माझं निम्मं काम वाचेल. तुमच्या पुण्याच्या डिझाइन ऑफिसात असा रंगांचा तक्ता आहे ना? पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या