20 अधिक 18 म्हणजे नापास
मा. संपादक,
इंजिनिअरिंगच्या निकालावरची तुमची बातमी वाचली, पोरं अभ्यासच करत नाहीत हा त्यातला सूर काही पटला नाही. आमचा पोरगा कम्प्युटर सायन्सला आहे, व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या) 2022 च्या स्कीममध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या नियमांत, इंटर्नलला (कॉलेजच्याच मार्कांत) पास व्हायला 50 पैकी 20 लागतात आणि मेन परीक्षेचे 50 पैकी 18, एका विषयात तो दोन्हीकडे बरोबर काठावर, पास झाला म्हणून आम्ही कुंदा ही मिठाईसुद्धा आणली, मग कळलं की बेरीज 40 हवी, 38 ला नापास! वर डिग्रीला 160 क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे गुणांक) आणि 100 ॲक्टिव्हिटी पॉइंट (अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांचे) वेगळे, हे कॉलेजात कुणी धड सांगितलंच नव्हतं. खानापूर-निपाणीकडच्या मराठी मीडियमच्या पोरांना कॉलेजांनी ॲडमिशनलाच मराठी-कन्नडात या नियमांचा एक पानभर कागद द्यावा की.
– एक पालक, शहापूर, बेळगाव