आधी भोंगा, मग मोबाईल: गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय गृहनिर्माण मंत्री,
सप्रेम नमस्कार.

नवीन घरांमध्ये आता लाइट, एसी, दरवाज्याचं लॉक सगळं मोबाईलवर चालतं आणि त्याच सिस्टीमला स्मोक डिटेक्टरही जोडून द्यायची पद्धत पडत चाललीये. माझा याला विरोध नाही, मी स्वतः जोडलाय. पण तो जोडायचा कसा हे घर घेणाऱ्याला कोणी सांगत नाही आणि बसवणाऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

माझ्याकडे काय झालं ते आधी सांगतो. घरात तीन डिटेक्टर आहेत, तारेने एकमेकांना जोडलेले, म्हणजे एकाला धूर लागला की तिन्ही वाजायला हवेत. ऑटोमेशन बसवायला आलेल्या माणसाने एक डिटेक्टर खाली उतरवला, ती जोडणीची तार थेट कंट्रोलरच्या, म्हणजे सगळी सिस्टीम चालवणाऱ्या डब्याच्या, इनपुटला नेली, मोबाईलवर नोटिफिकेशन आलेलं दाखवलं आणि गेला. मीही खूश. दोनेक महिन्यांनी वरच्या मजल्यावर टेस्टचं बटण दाबलं तर तो डिटेक्टर वाजला, मोबाईल वाजला, आणि खाली जिथे माझी आई झोपते तिथला गप्प. त्या दिवशी खरी आग असती तर मी ऑफिसमध्ये बसून नोटिफिकेशन वाचलं असतं आणि आईला काहीच कळलं नसतं. तो विचार अजून डोक्यातून जात नाही.

नंतर शोधलं तेव्हा कारण कळलं. त्या तारेवरचा सिग्नल अगदी हलका असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये ९ व्होल्टच्या आसपास, आणि कंट्रोलरने त्यातला बराचसा ओढून घेतला की जे उरतं ते बाकीच्या डिटेक्टरला पुरत नाही. दुसरा धोका याहून मोठा आहे, मेनवर, म्हणजे घरातल्या विजेवर, चालणाऱ्या बऱ्याच डिटेक्टरमध्ये या सिग्नलची परतीची वाट न्यूट्रलमधूनच असते, त्यामुळे वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली तर कंट्रोलरच्या ज्या टर्मिनलला आपण बिनधास्त हात लावतो तिथे मेनचा करंट येऊ शकतो. आणि आतल्या बजरला किंवा एलईडीला तार सोल्डर करून ती बाहेर काढणारेही आहेत, तसं केलं की त्या डिटेक्टरचं सर्टिफिकेशन संपलंच समजा.

बरोबर पद्धत अवघड नाहीये हो. डिटेक्टरच्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा रिले मॉड्यूल, म्हणजे अलार्मच्या सिग्नलवर चालणारा स्विच, घ्यायचा. त्याच्या एका बाजूला मेन आणि जोडणीची तार, दुसऱ्या बाजूला नुसता एक कोरा कॉन्टॅक्ट, ज्याला स्वतःचा करंट नाही, अलार्म झाला की तो फक्त उघडतो किंवा बंद होतो, आणि कंट्रोलरने एवढंच बघायचं. दोन बाजूंचा विजेचा संबंधच नाही. आणि दोन कंपन्यांचे डिटेक्टर एका तारेवर घालायचे नाहीत, दोघांचा सिग्नल सारखा असेलच असं नसतं.

वायरलेसवाल्यांना वाटेल आपल्याला याचं काय, तर प्रश्न तोच आहे, अलार्म कोणाच्या भरवशावर वाजतोय? २०१४ मध्ये नेस्ट कंपनीने आपल्या स्मार्ट डिटेक्टरची विक्री थांबवली होती, कारण हात हलवून अलार्म बंद करायची सोय त्यात होती आणि आगीच्या वेळी चुकून हात हलला तर खरा अलार्म उशिरा वाजायची भीती होती. अमेरिकेत सुमारे ४ लाख ४० हजार नग रिकॉलमध्ये आले, सॉफ्टवेअर अपडेटने ती सोय काढावी लागली. म्हणजे सोय म्हणून दिलेली गोष्टच जिवावर बेतू शकते हे बनवणाऱ्यांनाही आधी दिसलं नव्हतं. २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाच्या होम हबचे, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणाऱ्या डब्याचे, सर्व्हर कंपनीनेच बंद केले आणि लोकांच्या घरातले चालू हब एका दिवसात निकामी झाले. लाइटचं ठीक आहे, उठून बटण दाबता येतं, पण डिटेक्टर अशा हबवर अवलंबून असेल तर?

म्हणून माझी पहिली मागणी ही की डिटेक्टर आधी स्वतःच्या जोरावर वाजला पाहिजे, वायफाय नाही, हब बंद, लाइट गेलेली, तरी घरातले सगळे डिटेक्टर वाजलेच पाहिजेत, आणि ऑटोमेशनने फक्त ऐकायचं, त्याला अलार्म गप्प करायचा अधिकारच नको. अमेरिकेचं यूएल २१७ आणि युरोपचं ईएन १४६०४ ही डिटेक्टरची स्टँडर्ड आहेत, तीन मीटरवर ८५ डेसिबल आवाज वगैरे त्यात बघितलं जातं, पण ही तपासणी जसाच्या तसा डिटेक्टर धरून असते, कोणी तार काढून नेल्यावर तीच गॅरंटी कशी राहील? नियमात हे स्पष्ट लिहा की बाहेरची जोडणी फक्त मान्य रिलेतून.

दुसरं, घर ताब्यात देताना टेस्ट सक्तीची करा. राउटर आणि कंट्रोलर बंद करून एकेका डिटेक्टरचं बटण दाबायचं आणि बाकीचे वाजतात का ते प्रत्येक बेडरूमचं दार लावून ऐकायचं, मग सगळं चालू करून पुन्हा तेच. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि डिटेक्टर साधारण १० वर्षांत बदलायचा असतो, तर ती तारीखही कागदावर द्या.

ऑटोमेशनचा फायदा नक्की आहे. अलार्मला जिन्याचे लाइट लागणं, डक्टमधून धूर पसरू नये म्हणून एसीचा पंखा बंद होणं, हे मला हवंच आहे. फक्त दरवाज्याचं लॉक आतून हाताने, विजेशिवाय उघडलं पाहिजे, ते सिस्टीमच्या हातात ठेवू नका.

माझ्याकडे आता रिले बसलाय आणि महिन्याला एकदा आई स्वतः बटण दाबून बघते. पण ज्या घरांत डिटेक्टरमधून तार थेट काढून ठेवलीये त्या लोकांना हे माहीतच नाही, त्यांच्या मोबाईलवर नोटिफिकेशन येतंय ना. त्या घरांची तपासणी कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं उत्तर मला लेखी हवंय.

आपला,
एक घरमालक