टाकीखालची बादली

परळ, मुंबई

चि. सौ. मनू,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. एसटीत डोळ्याला डोळा लागला नाही, पण त्यात एसटीचा दोष नाही. तुमच्या गावच्या पाण्याच्या टाकीची ती गळती धार डोक्यातून जाईना.

आई म्हणते, लोक लेकीकडे नातवाशी खेळायला जातात, हे पाइप बघत हिंडले. तीस वर्षं मुंबईच्या पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी फिरवलेल्या माणसाने आणखी काय बघायचं? रात्री अडीचला रस्ता निजला की लोखंडी दांडा पाइपावर टेकवून आम्ही कान लावायचो. जमिनीखालची गळती अशी ऐकून शोधायची. तुमच्याकडे कान लावायचीसुद्धा गरज नाही, भर चौकात दिसतेय.

निघायच्या आदल्या पहाटे तुझी पंधरा लिटरची बादली मीच नेली होती. टाकीवरून उतरणाऱ्या पाइपाच्या सांध्याखाली धरली आणि घड्याळ बघितलं. तीस सेकंदांत भरली. म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. शहरात माणशी १३५ लिटरचा हिशोब धरतात, त्या मापाने ३२० माणसांचं पाणी. टाकी दिवसभर भरलेली नसते, म्हणून निम्मं धर. तरी १६० माणसं. आणि तुझ्या नळाला पाणी चौथ्या दिवशी, पाऊण तास!

नगरपरिषदेच्या ऑफिसात गेलो, तर तिथला पोरगा म्हणाला, "काका, नवीन योजना येतेय, सगळी लाइनच बदलणार आहे." अरे, रबराचं पॅकिंग आणि चार नट-बोल्टचं काम! पण कोटींच्या योजनेची कोनशिला बसते, पॅकिंगची कोण बसवणार? टाकीशेजारच्या सेल्फी पॉइंटला मात्र पैसे निघाले. रंगीत दिवे, गावाच्या नावाची मोठाली अक्षरं, मधे कोरडा फवारा. फवाऱ्याला पाणी नाही आणि टाकीला फवारा फुटलाय. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात पाणी हे बंधनकारक काम आहे, बाग ऐच्छिक.

बागेशी माझं वैर नाही. मलबार हिलला हँगिंग गार्डनच्या पोटात पाण्याची टाकीच आहे. पण तिथे आधी टाकी, मग तिच्यावर बाग.

मुंबईची फुशारकी मारत नाही मी. आमचं तानसा धरण १८९२ चं, त्यानंतर भातसा. दोन्ही शहापूर तालुक्यात. तिथलं पाणी एवढं लांब आणून आम्ही गाड्या धुतो, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. चावी हातात होती तेव्हा हे मनात यायचं, पण सकाळी प्रेशर कमी आलं की लोक मलाच शिव्या द्यायचे, मग विचार तिथेच राहायचा.

आता रागावू नकोस. चौथ्या दिवशी नळ आला तेव्हा तू अर्धं पिंप मोरीत ओतलंस, शिळं पाणी म्हणून. मी गप्प बसलो, लेकीच्या घरात बापाने किती बोलावं? पण झाकलेलं पाणी चार दिवसांत भाकरीसारखं शिळं होत नाही गं. प्यायला नको तर लादी पूस, संडासात वापर. तुमच्याकडे मीटर नाहीत, वर्षाची ठोक पाणीपट्टी. पिंप ओता की जपा, पावती तेवढीच, म्हणून कुणाचा हात आखडत नाही. तुमच्या गल्लीत त्या सकाळी सहा घरांच्या मोऱ्या वाहत होत्या. मी मोजल्या.

सोबत अर्ज लिहून पाठवलाय. बादलीचा हिशोब त्यात आहे. नळ तुझ्या नावावर आहे, तेव्हा सही तुझी. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. महिन्याने काही झालं नाही, तर माहितीच्या अधिकारात त्याच अर्जाचं काय झालं ते विचारू, तो मसुदा मी करीन.

जावईबापूंना सांग, बादलीचा कान माझ्याकडून निखळलाय. तार घालून जिन्याखाली ठेवलीय.

तुझा,
बाबा