हाडांच्या वॉर्डातही पाळी येते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कर्नाटक राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरदार बायकांसाठी पाळीची पगारी रजा मंजूर केली, महिन्याला एक, वर्षाला १२ दिवस. तेव्हापासून या विषयावर लोक उघड बोलायला लागलेत, हे बरंच झालं. आम्हा मागावरच्या बायकांना रजेचं फारसं सोयरसुतक नाही. माग बंद तर मजुरी बंद. पण मला रजेबद्दल लिहायचंच नाही. मोठं ऑपरेशन होऊन बाई आडवी पडली असताना पाळी आली, तर तिचं करायचं कुणी, हा माझा प्रश्न आहे. सध्या ज्याला दया येईल तो करतो, कारण ते काम कुणाचं हे ठरलेलंच नाही.

मी वडगावची. घरात पॉवरलूम. कांड्या भरण्यात आणि साड्यांचे गठ्ठे उचलण्यात उमेदीची वर्षं गेली, कमरेचा मणका सरकला, डावा पाय बधिर पडायला लागला. शेवटी बेळगावातल्याच एका मोठ्या दवाखान्यात स्क्रू-पट्टी बसवायचं ऑपरेशन झालं. आज मी हिंडते-फिरते. डॉक्टरांच्या हाताला यश आहे, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

भरती होताना एक चिठ्ठी दिली होती. टॉवेल, साबण, पेला, थर्मास, दोन चादरी, आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स. (बाकीचे सगळे फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, तो वाद आपल्याकडे जुनाच आहे, इथे नको.) मग प्रश्नांची सरबत्ती. बीपी, शुगर, दमा आहे का? दात हलतो का, कवळी आहे का? तंबाखू, मिसरी? बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून घरच्यांकडे द्या, नखांचा रंग पुसा. एवढं सगळं झालं, पण शेवटची पाळी कधी आली होती, पुढची कधी यायची आहे, हे कुणी विचारलं नाही. वॉर्ड हाडांचा, तिथे कोण विचारणार!

ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री पाळी आली. तारखेच्या बरीच आधी. ऑपरेशनचा ताण, औषधं, उपास यांनी तारीख अशी मागेपुढे होते, हे नंतर कळलं. माझी अवस्था अशी, की कमरेवर टाके, टाक्याशेजारून रक्त ओढणारी नळी, लघवीला दुसरी नळी, अंगात मागून बांधायचा गाऊन आणि आत काही नाही. स्वतःहून कुशीवर वळायला बंदी. दोघींनी चादरीला धरून मान, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून वळवायचं, असा नियम. चादर भिजलेली बघून सिस्टर घाबरली. तिला वाटलं नळी निसटली. तिने ड्रेसिंग बघितलं, पिशवी बघितली, मग लक्षात आलं. म्हणाली, "अक्का, घरच्यांना पॅड आणायला सांगा."

घरचे म्हणजे मालक. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना मज्जाव, ते खाली जिन्याजवळ चटई टाकून पडलेले. फोन केला. समोरच्या मेडिकलमधून त्यांनी काळ्या पिशवीत बांधून एक पाकीट आणलं. पातळ, पंख असलेले. ते पंख चिकटवायचे कशाला, गाऊनला? अशा वेळी लागतात ते बाळंतिणीला देतात तसले लांब, जाड पॅड आणि त्यांना धरून ठेवणारी वापरून टाकायची चड्डी. ते त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, बाळंतिणींच्या वॉर्डात कपाटभर होते. पण ते त्या वॉर्डाच्या खात्यावरचं सामान, खाली देता येत नाही म्हणे. शेवटी शेजारच्या कॉटजवळ बसलेल्या गोकाककडच्या एका अव्वाने आपल्या पिशवीतलं धुतलेलं जुनेर टराटरा फाडून घड्या घातल्या आणि सिस्टरच्या हातात दिल्या. त्यावर सकाळपर्यंत निभावलं. नंतर आयाबाईला प्रत्येक वेळी हाक मारताना मालकांनी खिशात नोट ठेवावी लागली, तेही सांगून टाकते.

यात लाजेचा भाग आहेच, पण ती बाळंतपणातच सुटलेली असते. मोठी भीती जखमेची. कमरेवरचे टाके आणि खालची चादर यांत अंतर किती? ओल वर चढून ड्रेसिंगला लागली, तर ज्या जखमेत लोखंड बसवलंय तिथे जंतू जायची वाट मोकळी. लघवीच्या नळीचं तसंच, तिथली जागा स्वच्छ आणि कोरडी नसेल तर नळीच्या कडेने जंतू आत चढतात. आणि पडून राहणाऱ्या पेशंटच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून पुष्कळांना पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन देतात. मलाही चालू होतं. त्याने पाळीचं रक्त जास्त जाऊ शकतं. ऑपरेशनमध्ये आधीच रक्त गेलेलं, त्यात आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच बेताचं. म्हणजे किती पॅड बदलले याची नोंद केस पेपरवर हवी. लघवी किती मिली झाली ते दर थोड्या वेळाने लिहीत होते, याचा मात्र हिशेब कुणाकडे नाही.

गोळीबद्दल लिहिलं नाही तर पत्र अर्धवट राहील. माझ्या जाऊबाईंनी भरतीच्या आदल्या दिवशीच पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. "पाळी आली तर ऑपरेशन रद्द करतात," असं त्यांचं ठाम मत. सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचं, घरात लग्न आहे, गणपती आहे, की आपल्याकडे मेडिकलमधून सर्रास त्या गोळ्या येतात, चिठ्ठी कुणी मागत नाही. मी भुलीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नुसत्या पाळीसाठी आम्ही ऑपरेशन पुढे ढकलत नाही. आणि हार्मोनच्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो, त्यात तुम्ही पडून राहणार, तेव्हा आम्हाला न सांगता काही घेऊ नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही आधीच सांगायच्या, त्यांतल्या काही मोठ्या ऑपरेशनच्या चार आठवडे आधी बंद करायला सांगतात. शिवाय ढकलायची गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे सणासाठी ढकललेली पाळी नेमकी दवाखान्याच्या कॉटवर गाठणार!

याला खर्च किती? जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतो. पॅडवरचा १२ टक्के जीएसटी २०१८ सालीच गेला. लाखाच्या बिलात ही रक्कम दिसणारही नाही. वय बसतं अशा प्रत्येक बाईला भरतीच्या वेळीच पाळीची तारीख विचारावी आणि केस पेपरवर लिहावी, मग वॉर्ड हाडांचा असो, हृदयाचा असो की मेंदूचा. सामानाच्या चिठ्ठीत टॉवेलच्या खाली जाड पॅड आणि दोन सैल सुती चड्ड्या एवढं वाढवलं तर कागद महाग होणार नाही. आयसीयूत तर घरचं माणूसच नसतं, तिथे हे सामान दवाखान्याचंच हवं. पॅड बदलणं हे जखमेच्या ड्रेसिंगसारखं सिस्टरचं ठरलेलं काम असावं, दर ड्युटीला बघायचंच. रक्त लागलेला कापूस आणि पट्ट्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जातात, मग बायकांच्या संडासात एक पिवळी झाकणाची बादली ठेवायला कुणाची परवानगी लागते? आमच्या वॉर्डात तशी बादलीच नव्हती, पॅड खिडकीच्या गजामागे खोचलेले होते. कॉलेजच्या मुली हल्ली पॅडऐवजी आत बसवायचा पाळीचा कप वापरतात. तो भूल देण्याआधी काढायचा असतो, कारण पुढे किती तास शुद्ध नसेल सांगता येत नाही. पण विचारलंच नाही तर ती पोरगी डॉक्टरांसमोर आपणहून सांगेल का?

बेळगाव, खानापूर, निपाणीच नव्हे, तर पलीकडे चंदगडपासूनच्या बायकाही मोठ्या ऑपरेशनला इथेच येतात. तेव्हा शहरातल्या दवाखान्यांच्या व्यवस्थापनांनी भरतीच्या फॉर्ममध्ये पाळीची एक ओळ वाढवावी, आणि गोळ्यांबद्दल एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आपल्याच पानावर सविस्तर लिहावं, ही विनंती. श्रावणाच्या आधी लिहिलं तर जास्त उपयोग होईल.

कळावे,
एक वाचक, वडगाव, बेळगाव
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)